सिलिंगवरचा तो देखणा बंच

ताईचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच साईटवर होतो. म्हणाली, अरे हॉलमध्ये परवापासून कसलातरी वास येतोय, जळका म्हणावा तर धड जळकाही नाही, गोडूस कुबट, उंदीरबिंदीर मेला असेल म्हणून दाजींचं सगळं फर्निचर हलवून झालं. मी विचारलं एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण) पडला का एखादा, तर म्हणे छे, सगळं मस्त चालू आहे, एसी पण चालू आहे गीझर पण चालू आहे. हे ऐकल्यावर मात्र माझ्या पोटात खड्डा पडला. एमसीबी पडला असता तर मी निवांत संध्याकाळी गेलो असतो, पण वास येतोय आणि एमसीबी गप्प बसलाय म्हणजे काहीतरी हळूहळू शिजतंय. तिला म्हणलं आधी मेन बंद कर आणि मी येईपर्यंत चालू करू नकोस.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या घराचं वायरिंग मीच केलेलं. ११ वर्षांपूर्वी. तेव्हा मी नवीन नवीन स्वतंत्र कामं घ्यायला लागलो होतो आणि बहिणीचं घर म्हणून जीव ओतून केलं होतं. डीबीतून (एमसीबी बसवलेल्या पेटीतून) निघणाऱ्या सात केबल, तीन लाईट-पंख्याच्या आणि एसी, गीझर, किचन, वॉशिंग मशीन अशा चार जड, सगळ्या हॉलच्या फॉल्स सिलिंगवरून एका रांगेत नेलेल्या आणि वीतभर अंतरावर एक असे केबल टाय मारून त्यांचा एकच गोल गरगरीत बंच केलेला, टायची सगळी तोंडं एकाच बाजूला, शेपट्या कापून साफ. त्याचा फोटो मी कित्येक वर्षं नवीन गिऱ्हाइकांना दाखवायचो, बघा काम कसं असतं म्हणून. लोक पण खूश व्हायचे, कारण ज्याला वायरिंगमधलं काही कळत नाही त्यालाही सरळ रेघ कळते.

गेलो. मेन बंद आहे याची परत स्वतः टेस्टर आणि मीटर दोन्ही लावून खात्री केली (टेस्टरवर एकट्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे मी शिकलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक आहे) आणि सिलिंगची हॅच उघडून डोकं आत घातलं. वर ग्लासवूल. मी घातलेलं नव्हतं. मध्ये कधीतरी दुसरा एसी बसवला तेव्हा खोली गार राहावी म्हणून कोणीतरी सिलिंगवर जाड थर पसरून ठेवलेला आणि माझा बंच त्याच्या खाली गाडला गेलेला. बंचमध्ये आणखी दोन केबल वाढलेल्या, एक नवीन एसीची आणि एक इंडक्शनच्या पॉईंटची. ज्याने टाकल्या त्याला दोष कसा देणार, आयता तयार बंच दिसला, त्याने त्यातच टाय मारून टाकल्या, मी तिथे असतो तर मीही तेच केलं असतं. आणि इंडक्शनची केबल लांब आली होती तर उरलेली तीन-चार मीटर कापायची जिवावर आली म्हणून तिचं वेटोळं करून तेही त्याच बंचला बांधलेलं, वूलच्या आत.

बाहेरून बघितलं तर काही नाही. धूळ सोडली तर बंच फोटोतल्यासारखाच. मग मी टाय कापायला सुरुवात केली आणि बाहेरच्या केबल बाजूला केल्या तर मधल्या दोन सुटेनात, एकमेकींना चिकटलेल्या. पांढरी शीथ, म्हणजे बाहेरचं आवरण, चहाच्या डागासारखी तपकिरी झालेली, टायच्या खाली खोल करकोचा पडलेला, आणि एक जरा वाकवली तर कडक झालेलं आवरण कट्कन तडकलं, आतला काळा कोर दिसला. ती किचनची केबल होती. दोन्ही टोकं मोकळी करून ५०० व्होल्टला मेगर (वायरीचं आवरण किती शाबूत आहे ते मोजायचं यंत्र) मारलं तर ०.३ मेगाओहम. किमान १ तरी पाहिजे, आणि चांगल्या वायरिंगमध्ये शेकड्यात येतं. म्हणजे आग लागलेली नव्हती पण तयारी पूर्ण होती.

आता हे झालं कसं, त्यावर मी दोन रात्री हिशोब करत बसलो, तो इथे मांडतो, कारण मलाच तो आधी नीट माहीत नव्हता. म्हणजे पुस्तकात वाचलेला होता, हातात उतरलेला नव्हता.

वायर तापतेच. तांबं कितीही चांगलं असलं तरी त्याला थोडा रेझिस्टन्स असतो, अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीला साधारण किलोमीटरला साडेसात ओहम, आणि तांबं तापलं की तोही वाढतो, ७० डिग्रीला नऊच्या जवळ जातो. यातून १६ अँपिअर गेले तर जाणारी आणि येणारी वायर मिळून एका मीटरमध्ये साडेचार वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. साडेचार वॅट म्हणजे काहीच नाही, एकटी केबल भिंतीवर असेल तर ती हवेत आणि भिंतीत कधी सोडून देते कळतही नाही. पण अशा सहा केबल एकत्र बांधल्या तर मीटरला २७ वॅट. आमच्याकडे रिपेअरिंगला वापरतात ती छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे सिलिंगवर प्रत्येक मीटरला एक सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवल्यासारखं, आणि वर ग्लासवूलचं पांघरूण. शिवाय करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, दुप्पट नाही, हे शाळेत शिकलेलं असतं पण वायर ओढताना कोणाच्या डोक्यात येतं सांगा.

आणि बंचमध्ये सगळ्यात वाईट हाल मधल्या केबलचे. बाहेरच्या केबलची निदान एक बाजू हवेला लागते, मधलीला चहूबाजूंनी तापलेल्याच शेजारणी. म्हणून बाहेरून हात लावून गार लागलं तरी आत काय चाललंय ते कळत नाही.

यासाठी टेबल आहेत, कोणी अंदाजाने करायची गोष्ट नाही ही. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या ५-५२ या भागात ग्रुपिंग फॅक्टर, म्हणजे एकत्र बांधल्यावर केबलची क्षमता कशाने गुणून कमी धरायची ते आकडे, दिलेत आणि बऱ्याच देशांचे नियम त्यावरच बेतलेले आहेत. एकत्र बांधलेल्या किंवा एकाच पाईपात घातलेल्या केबलसाठी एक असेल तर १, दोन सर्किट झाले की ०.८०, तीनला ०.७०, चारला ०.६५, सहाला ०.५७ आणि नऊला थेट ०.५०. म्हणजे नऊ भरलेल्या केबलचा बंच केला तर प्रत्येकीची ताकद निम्मी. तांबं तेवढंच, किंमत तेवढीच, काम अर्धं.

ताईच्या घरी बंचमध्ये नऊ केबल होत्या पण त्यातल्या तीन लाईट-पंख्याच्या. जी केबल तिच्या ग्रुपमधल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त करंट कधीच नेणार नाही ती बाकीच्यांसाठी मोजायची नाही अशी सवलत आहे, म्हणून त्या सोडल्या. उरल्या सहा, दोन एसी, गीझर, किचनचे सॉकेट, इंडक्शन, वॉशिंग मशीन. पीव्हीसीची अडीचची केबल एकटी, उघड्यावर, ३० डिग्रीच्या हवेत असेल तर २७ अँपिअर नेते. सहाचा बंच म्हणून गुणिले ०.५७, झाले १५.४. सिलिंगच्या आत हवा ३० नसते, मी मोजली तेव्हा ४१ होती, ४० डिग्रीसाठी पीव्हीसीचा फॅक्टर ०.८७, म्हणजे १३.४. आणि केबल अर्ध्या मीटरपेक्षा जास्त लांब ग्लासवूलसारख्या थरात पूर्ण गाडली गेली असेल तर अजून निम्मे करायचे. ६.७ अँपिअर. २७ ची केबल पावणेसातवर आली. एक २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर घेतो, किचनच्या लाईनवर ओव्हन आणि केटल एकदम लागले की १४-१५ सहज.

हां, आता कोणी म्हणेल सहाही लाईन एकदम फुल कुठे चालतात. खरंय, नाही चालत, म्हणून तर ११ वर्षं निघाली. रोज थोडा थोडा वेळ. पण वायरीच्या आवरणाचं आयुष्य तापमानावर असतं, ढोबळ नियम असा की दर ८-१० डिग्री जास्त तापमानाला आयुष्य निम्मं होतं. साध्या पीव्हीसीसाठी कंडक्टरची मर्यादा ७० डिग्री, एक्सएलपीई या जास्त उष्णता सोसणाऱ्या आवरणाला ९०. ७० ची मर्यादा रोज संध्याकाळी दोन तास ओलांडली तर त्या दिवशी काहीच दिसत नाही, दिसतं ते मग असं एकदम, वास येऊन.

एमसीबी का नाही पडला हा प्रश्न दाजींनी चार वेळा विचारला. त्यांना वाटत होतं एमसीबी खराब आहे. एमसीबी एकदम ठणठणीत होता. तो फक्त स्वतःमधून जाणारा करंट बघतो, सिलिंगवर तुम्ही वायरीला गोधडी गुंडाळली का हे त्याला कुठून कळणार. २० चा एमसीबी, त्याच्या स्टँडर्डप्रमाणे १.१३ पट म्हणजे २२.६ अँपिअरला तासभर पडायलाच नको अशी अट असते आणि १.४५ पट म्हणजे २९ ला तासाच्या आत पडलाच पाहिजे. आमच्या केबलला झेपत होते पावणेसात आणि रखवालदार २० वर बसवलेला. चूक रखवालदाराची नाही, त्याला तिथे बसवणाऱ्याची, म्हणजे माझीच. केबलची क्षमता सगळे फॅक्टर लावून आधी काढायची आणि एमसीबी त्याच्यापेक्षा मोठा नको, हा सरळ क्रम मी उलटा केला होता, अडीचची वायर म्हणजे वीसचा एमसीबी असं पाठ होतं, संपलं.

वेटोळ्याबद्दल जरा बोलतो कारण त्याबद्दल गैरसमज फार. आमच्या लाईनमध्येही बरेच जण सांगतात की वायरीचं वेटोळं केलं की कॉईल होते, चुंबक तयार होतो आणि म्हणून तापतं. तसं नाहीये. एकाच केबलमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही असतात, एकीतून करंट जातो दुसरीतून येतो, दोघांचं मॅग्नेटिक फील्ड एकमेकांना मारून टाकतं. तापतं ते साध्या कारणाने, दहा वेढे म्हणजे दहा केबलचा बंचच झाला की तो, उष्णता बाहेर पडायला जागा नाही. एक्स्टेन्शन रीलवर म्हणूनच दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेली असताना इतके वॅट आणि पूर्ण उलगडलेली असताना इतके, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. हीटरसाठी रील वापरायची तर पूर्ण सोडून घ्या, घरभर वायर पसरलेली वाईट दिसली तरी चालेल. आणि कायमच्या वायरिंगमध्ये जास्तीची केबल ठेवायची असेल तर डीबीपाशी नाहीतर जंक्शन बॉक्सपाशी वीत-दोन वीत मोकळी ठेवा पुढच्या कामासाठी, सिलिंगवर चार मीटरचं वेटोळं नको.

मग म्हणजे सगळ्या वायरी सुट्ट्या सुट्ट्या टाकायच्या का, तर तेही नाही, आणि इथे नवीन पोरं गोंधळतात. काही वायरी एकत्रच पाहिजेत. एका सर्किटचा फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग एकाच वाटेने, एकाच पाईपातून गेले पाहिजेत, विशेषतः पाईप लोखंडाचा असेल तर. फेज एका लोखंडी पाईपातून आणि न्यूट्रल दुसऱ्या पाईपातून नेला तर मघाशी सांगितलेलं ते मारामारीचं गणित बिघडतं, फील्ड उरतं आणि पाईप स्वतःच तापायला लागतो. वायर गार आणि पाईप गरम असला प्रकार मी एकदा बघितलाय एका जुन्या बिल्डिंगमध्ये, हात लावला तर चटका बसेल इतका, आणि तिथल्या माणसाला वाटत होतं आत गरम पाण्याची लाईन आहे! जाड सिंगल कोर केबल पॅनेलच्या लोखंडी पत्र्यातून वेगवेगळ्या भोकांतून आत घेतल्या तरी हेच होतं, म्हणून तिथे ॲल्युमिनियमची प्लेट लावतात किंवा भोकांच्या मधे चीर मारतात. थोडक्यात सर्किटच्या आतले भाऊ एकत्र, आणि वेगवेगळी सर्किट जरा अंतर ठेवून.

अंतर किती, तर केबलच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त जागा दोन केबलमध्ये सोडली तर ग्रुपिंगचा फॅक्टर लावायचीच गरज नाही. केबल १० मिमीची असेल तर २० मिमीपेक्षा थोडी जास्त. बस्स. एवढ्याशा जागेसाठी मी ११ वर्षं फोटो दाखवत फिरत होतो. तेवढी जागा नसेल तर निदान गोल बंच न करता एका थरात शेजारी शेजारी पसरवा, भोकं असलेल्या ट्रेवर सहा केबल एका थरात टाकल्या तर फॅक्टर ०.७३ येतो, तोच बंच केला की ०.५७. त्याच केबल, तीच जागा.

पाईपातल्या वायरिंगमध्ये हा खेळ अजून फसवा होतो कारण तिथे डोळ्याला फक्त पाईप दिसतो. पाईप भरायचा नियम म्हणजे आतल्या जागेच्या साधारण ४० टक्के, बाकी मोकळी. २५ मिमीच्या पाईपाची आतली गोलाई समजा २१ मिमी भरली तर त्यात बाहेरून ४ मिमी जाडीच्या अडीचच्या वायरी अकराएक बसतात. बसतात म्हणून घातल्या तर अर्थिंगसकट जवळपास चार सर्किट झाले, आणि चार सर्किटला ०.६५. जागेचा हिशोब वेगळा आणि उष्णतेचा वेगळा, दोन्हीत जो कमी येईल तो धरायचा. आणि ओढताना दोन पुल बॉक्समध्ये (वायर ओढायला मधे ठेवलेल्या डब्यांमध्ये) चार काटकोनांपेक्षा जास्त वळणं देऊ नका, म्हणजे देता येतात, पण मग पाचव्या वळणावर वायर ओढायची स्प्रिंग अडकते, दोन माणसं पाय भिंतीला लावून ओढतात आणि वायरीचं आवरण आत कुठेतरी सोलून निघतं ते कोणाला दिसत नाही. वायर जोर लावून येत असेल तर थांबा. मोकळ्या केबलला वळवताना पण तिचा व्यास बघा, घरातल्या बारीक केबलला वळणाची त्रिज्या व्यासाच्या तीन-चार पट तरी, आर्मर्डला (तारांचं चिलखत असलेल्या केबलला) सहा पट, कोपऱ्यात हातोडीच्या दांड्याने ठोकून काटकोन करणारे महाभाग मी पाहिलेत.

टायबद्दल माझं मत आता पूर्ण बदललंय. टाय वायर धरायला असतो, आवळायला नाही. टाय मारल्यावर केबल बोटाने पुढे-मागे सरकली पाहिजे. पीव्हीसी गरम झालं की मऊ पडतं आणि घट्ट टायखाली हळूहळू दबत जातं, तोच तो करकोचा, तिथे आवरण पातळ होतं. टायची शेपूट तिरकी कापून ठेवू नका, ती ब्लेडसारखी असते, माझ्या मनगटावर अजून दोन खुणा आहेत, आणि शेजारच्या केबलवर ती रोज कंपनाने घासत राहिली तर तिचंही तेच होणार. पत्र्याच्या भोकातून केबल जात असेल तर ग्रोमेट घाला, रबराची एक चकती असते पण आळसाने कोणी घालत नाही. आधार बारीक केबलला आडवं जाताना पाव मीटरवर, उभं जाताना ४० सेंटिमीटरवर एक असा ठेवला की ती लोंबकळत नाही आणि टाय आवळायची वेळच येत नाही.

आणि सगळेच आधार प्लास्टिकचे नकोत. हे मला बरीच वर्षं अतिशयोक्ती वाटायचं. २०१० साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्स नावाच्या उंच इमारतीत आग लागली, त्यात दोन फायरमन गेले. छताजवळचं प्लास्टिकचं ट्रंकिंग (केबल झाकायची पट्टी) उष्णतेने वितळलं, आतल्या केबल खाली लोंबल्या आणि धुरात काही दिसत नसताना त्यांच्यात ते अडकले. त्याआधी २००५ मध्ये स्टीव्हनेजच्या हॅरो कोर्टमध्येही असंच घडलेलं. त्यानंतर तिथल्या वायरिंगच्या नियमात, बीएस ७६७१ मध्ये, २०१५ ला बाहेर पडायच्या वाटांसाठी आणि २०१८ च्या अठराव्या आवृत्तीत सगळ्याच जागांसाठी अट आली की आगीत केबल लवकर खाली कोसळणार नाही असा आधार पाहिजे, म्हणजे काही काही अंतरावर धातूची क्लिप किंवा धातूचा टाय. पॅसेजमध्ये आणि जिन्यात तरी मी आता मधे मधे स्टीलच्या क्लिपा मारतो. त्या पाच मिनिटांत होतात, विसरायला मात्र एक क्षण पुरतो.

भिंतीतून किंवा स्लॅबमधून केबल पलीकडे नेताना जे भोक पाडतो तेही तसंच सोडायचं नाही. बंच जिथून जातो तिथून धूर आणि ज्वाळाही जातात. आणि बुजवायचं म्हणून डब्यातला साधा पीयू फोम मारू नका, तो पेट घेतो, फायर सीलंट वेगळं मिळतं. १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबलच्या भोकातून हवा गळतेय का हे बघायला कामगाराने चक्क मेणबत्ती धरली. ज्योत हवेने फोममध्ये ओढली गेली, फोम पेटला, आग केबलच्या ट्रेवरून भिंतीपलीकडे गेली आणि १६०० च्या वर केबल जळाल्या. अणुवीज केंद्रात मेणबत्ती! हा किस्सा मी प्रत्येक नवीन हेल्परला सांगतो, दरवेळी तो आधी हसतो आणि मग आपल्या हातातल्या फोमच्या डब्याकडे बघतो.

थर्माकोलचं पण सांगून टाकतो. सिलिंगमध्ये थर्माकोल असेल तर पीव्हीसी केबल त्याला टेकू देऊ नका. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लास्टिसायझर घातलेलं असतं ते थर्माकोलमध्ये उतरतं, थर्माकोल विरघळल्यासारखा चिकट होतो आणि वायर कडक. यात करंटचा काही संबंध नाही, बंद वायर असली तरी होतं.

इंटरनेटच्या केबल पॉवरच्या बंचमध्ये बांधू नका हे आता बहुतेकांना माहीत आहे, डिस्टर्बन्स येतो म्हणून. डिस्टर्बन्स ही छोटी गोष्ट, मोठी ही की पॉवरच्या केबलचं आवरण गेलं तर २३० व्होल्ट तुमच्या राऊटरमार्गे नको तिथे पोचेल. पण आता त्या केबलमधूनही पॉवर जायला लागलीय, कॅमेरे, वायफायचे डबे, २०१८ च्या नव्या स्टँडर्डमध्ये एका पोर्टमधून ९० वॅटपर्यंत. मग तिथेही शंभर केबलचा एक जाडजूड बंच केला की मधल्या तापणारच. छोटे छोटे बंच करा, प्लास्टिक टायच्या ऐवजी वेल्क्रोची पट्टी वापरा, आवळल्या जात नाहीत आणि नंतर एखादी काढायची असली तर कात्री लागत नाही.

असो, ताईचं घर. दोन दिवस लागले. पहिल्यांदा सगळे टाय कापले, साईड कटरने, चाकूने कधी कापू नका, टाय सुटतो आणि चाकू केबलवर जातो. प्रत्येक केबलला मेगर मारून बघितलं, किचनची आणि इंडक्शनची सरळ बाद केल्या, बाकीच्या ठीक निघाल्या. बाद झालेल्या दोन्ही आता चार स्क्वेअरच्या टाकल्या आणि त्या हॉलवरून न नेता पॅसेजच्या बाजूने, एकमेकींपासून लांब नेल्या. उरलेल्या चार जड केबल भोकांच्या ट्रेवर एका थरात, ग्लासवूलच्या वर, मोकळ्या हवेत. ट्रेवर एकट्या केबलची क्षमता ३० धरतात, चारचा फॅक्टर ०.७७, वर ४० डिग्रीचा ०.८७, गुणाकार केला तर २० च्या जेमतेम वर येतं. तरी एसी आणि गीझरचे एमसीबी मी १६ चे केले, ८-९ अँपिअरच्या लोडला २० ठेवायचं काही कारणच नव्हतं, आधीही नव्हतं. लाईटच्या तीन केबल वेगळ्या, ट्रेच्या दुसऱ्या कडेला.

मग दोन्ही एसी, गीझर, ओव्हन, इंडक्शन, वॉशिंग मशीन, जे सापडेल ते सगळं दोन तास चालू ठेवलं, दाजी मीटरकडे बघत येरझाऱ्या घालत होते. इन्फ्रारेड थर्मामीटरने वर बघितलं तर सगळ्यात गरम केबल बाहेरून ४६. हवाच ४१ होती. जुन्या बंचचं तापमान मी मोजलेलं नाही, तो परत चालू करून बघायची हिंमत नव्हती, पण तपकिरी तुकडा ठेवलाय जपून.

हॅच बंद करायच्या आधी फोटो काढला आणि डीबीच्या दाराच्या आतून एक चिठ्ठी चिकटवली की वर नवीन केबल टाकायची असेल तर ट्रेवर शेजारी टाकावी, बांधू नये, वूलखाली घालू नये, आणि खाली माझा नंबर. ताईने दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून बघितले, ११ वर्षांपूर्वीचा आणि आजचा. बराच वेळ बघितले. म्हणाली, काही म्हण, पहिलं जास्त छान दिसत होतं.